बाळाचं ऑपरेशन सांगितलंय? डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा

आधी एक काम करा. घरातलं रेशनकार्ड काढा आणि त्यावर धाकट्या मुलाचं नाव आहे का ते बघा. थोरल्याचं बहुतेक असतं. धाकट्याचं राहून जातं, कारण नाव चढवायला तहसीलला जावं लागतं, दिवसाची हजेरी बुडते, आणि दुकानातून धान्य मिळतंय तोवर घाई वाटत नाही.

माझ्या भाचीचं असंच राहिलं होतं. पाच महिन्यांची असताना ती दूध पिता पिता घामाघूम व्हायची, दोन घोट घेतले की दमून थांबायची, वजन काही केल्या वाढेना. तपासणीत कळलं की हृदयाला छिद्र आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं. दाजी यंत्रमागावर कामाला. ताईने कानातलं गहाण ठेवलं, इकडून तिकडून उसने घेतले आणि वीस हजार भरले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या मुलाच्या आजीने सहज विचारलं, "आरोग्यमित्राला भेटलात का गं?" तेव्हा कळलं की रुग्णालय सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत आहे, आरोग्यमित्र म्हणजे त्या योजनेचा रुग्णालयात बसणारा माणूस, भाचीचं ऑपरेशन योजनेत बसतं, आणि आम्हाला एक रुपयाही भरायची गरज नव्हती. नाव रेशनकार्डावर नसल्यामुळे दोन दिवस धावपळ झाली, पण जन्मदाखल्यावर काम झालं. ऑपरेशन योजनेतून झालं. भाची आता शाळेत जाते.

ते तीन दिवस आणि ते कानातलं मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून आमच्या भागात कोणाच्या मुलाला मोठं आजारपण आलं की मी सोबत जाते. जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या आईबापांसाठी हे आहे.

योजना कोणती, आणि तुम्ही तिच्यात आहात का

महाराष्ट्रात दोन योजना एकत्र चालतात. एक राज्याची, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या अखेरीस राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. म्हणून जुने लोक आजही "जीवनदायी" म्हणतात. कोणी तसं म्हटलं तर गोंधळू नका. दुसरी केंद्राची, आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, २०१८ची. तुमच्यासाठी या दोन्हींचं दार एकच आहे. रुग्णालयातला आरोग्यमित्र तुम्ही कशात बसता ते बघतो.

पूर्वी फक्त पिवळं, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा कार्ड चालायचं, शिवाय शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं पांढरं कार्ड. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली झाली, आणि १ जुलै २०२४ पासून ती त्या रूपात चालू आहे. म्हणजे पांढरं कार्ड असलं तरी चालतं. "आमचं केशरी आहे, आम्हाला नाही मिळणार" असं मी आजही ऐकते. केशरीला तर ती सुरुवातीपासून आहे.

संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं. आधी ते दीड लाख होतं. हे पाच लाख सगळ्या कुटुंबाचे मिळून आहेत. गरज पडली तर सगळे एकाच मुलासाठी वापरता येतात. हप्ता भरावा लागत नाही. आजार जन्मापासून असला किंवा आधीपासून माहीत असला तरी नकार देता येत नाही, आणि अमुक महिने थांबा अशी अटही नाही. खाजगी विम्यात जन्मजात व्यंगावरून किती वाद होतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल.

ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर गेलेल्या कुटुंबांनी लक्षात ठेवा: कार्ड बीडचं असलं तरी उपचार कोल्हापुरात घेता येतात. जिल्ह्याची अट नाही. फक्त कार्ड गावाला सासूबाईंकडे ठेवून येऊ नका, किंवा निदान त्याच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. केंद्राच्या योजनेत बसत असाल तर आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही, म्हणजे योजनेत असलेल्या देशभरातल्या रुग्णालयांत चालतं.

शासकीय आश्रमशाळेतली मुलं आणि अनाथालयातली मुलं यांना स्वतःचं रेशनकार्ड नसतं. त्यांच्यासाठी योजनेत वेगळा गट आहे. तिथे संस्थेने दिलेल्या ओळखपत्रावर काम होतं. अधीक्षक किंवा गृहपाल यांना हे माहीत असायला हवं. नसेल तर सांगा.

वडील किंवा आई कारखान्यात, दुकानात, सिक्युरिटीत कामाला असतील आणि महिन्याचा पगार एकवीस हजारांपर्यंत असेल, तर पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते का ते पगारपत्रकावर बघा. कापली जात असेल तर मुलांचे उपचार ईएसआयसीच्या दवाखान्यातूनही होतात.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. राज्यात किमान पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबांना ती लागू होते. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. तिथे उत्पन्नाची अट नाही, पण कार्डाची नोंदणी आधी करून ठेवावी लागते.

कागद: आजारपण येण्याआधी

चार कागद लागतात. त्यांची एक वेगळी पिशवी करा आणि घरातल्या सगळ्यांना ती कुठे असते ते माहीत असू द्या. रात्री अडीच वाजता मुलाला झटका आला की कपाट उचकायला वेळ नसतो.

पहिला, जन्मदाखला. बाळ रुग्णालयात जन्मलं तर रुग्णालय नोंद कळवतं. घरी जन्मलं तर ही जबाबदारी तुमची. गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात २१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, मग परवानग्या, आणि वर्ष उलटलं की थेट वरिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश. पुष्कळ दाखल्यांवर बाळाचं नाव नसतं, कारण बारसं नंतर होतं. ते नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. जरूर घाला. आधारवर "आरोही" आणि दाखल्यावर नुसतं "बेबी ऑफ सुनीता" असेल तर काउंटरवर अडतं, हे मी तीनदा पाहिलं आहे.

दुसरा, रेशनकार्डावरचं नाव. तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात, नाव वाढवण्याचा अर्ज म्हणजे नमुना ८ भरायचा. सोबत मूळ कार्ड, जन्मदाखला, आईवडिलांचं आणि असेल तर बाळाचं आधार. अर्ज दिल्याची पोच घ्या. पोच न घेता परत आलात तर अर्ज दिलाच नाही असं समजा. नाव छापील कार्डावर आल्यावर बारा आकडी ऑनलाइन नोंदीतही आलं का, तेही विचारा. आता आरोग्यमित्र बघतो तो संगणक, कार्डाचं पान नंतर.

सून माहेरच्या कार्डावर आणि बाळ कुठेच नाही, ही तर आपल्याकडची नेहमीची गोष्ट. आधी आईचं नाव माहेरून कमी करा, मग सासरी आई आणि बाळ दोघांची नावं एकदम चढवा. दोन खेपा वाचतात.

तिसरा, आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार निघतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. आई किंवा वडील सोबत हवेत. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं. हे राहिलं की नेमकं गरजेच्या वेळी पडताळणी होत नाही.

चौथा, आयुष्मान कार्ड. हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. वडिलांचं कार्ड निघालं म्हणजे मुलांचं निघालं असं नाही. मुलांची वेगळी काढावी लागतात. आशाताई, रेशन दुकानदार किंवा आपले सरकार केंद्र ते काढून देतात, मोबाइलवरच्या आयुष्मान अ‍ॅपमधूनही निघतं. यादीत नाव असेल तर कार्ड मोफत आहे. कोणी कार्ड काढायचे पाचशे मागत असेल तर देऊ नका.

आता समजा यातलं काहीच झालेलं नाही आणि मूल आजारी पडलंच. तरी घाबरू नका. लहान मुलाचं नाव कार्डावर नसेल किंवा फोटो असलेलं ओळखपत्र नसेल, तर आईवडिलांचं रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबत काढलेला बाळाचा फोटो यांवर काम होऊ शकतं. आमच्या भाचीचं असंच झालं. "नाव नाही, योजना नाही" असं एका वाक्यात कोणी वाटेला लावत असेल तर हाच मार्ग स्पष्ट सांगून विचारा.

तपासणी दारात येते, तिला मूल हजर ठेवा

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे वेळ वाचतो, आणि लहान मुलात वेळ गेला की पुष्कळदा सगळंच जातं.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी आणि पुढचे उपचार असं त्याचं काम. दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री, सोबत परिचारिका आणि औषधनिर्माता, असं पथक गाडीने फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची किंवा रक्ताची कमतरता, लहानपणचे आजार आणि वाढ मागे पडणं, या चार गोष्टी ते बघतात.

अंगणवाडीताईंना विचारा, "पथक कधी येणार?" तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी मुलाला मामाकडे पाठवू नका. तारीख चुकली, किंवा तुम्ही कामासाठी बाहेरगावी होतात, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन पथकाची चौकशी करा. मूल दाखवता येतं. पुढच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात. ऑपरेशन लागलं तर तिथून नाव पुढे जातं आणि खर्च या कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले योजनेतून होतो. पथकाच्या चिठ्ठीने आलेल्या मुलाची पुढची वाट खूप सोपी होते. चिठ्ठी जपून ठेवा.

घरच्यांनी काय बघायचं, ते थोडक्यात. दूध पिताना दमणं, घाम येणं, ओठ-नखं निळसर दिसणं, सारखा न्यूमोनिया होणं, वजन न वाढणं: हृदय तपासून घ्या. पाय आत वळलेले असतील तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करतात. तेव्हा हाडं मऊ असतात आणि बहुतेक मुलांना मोठं ऑपरेशन लागतच नाही. फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं त्यानंतर, बोलायला लागण्याच्या सुमारास. कमी दिवसांचं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचाच. या एका तपासणीने आंधळेपण टळतं. बाहुलीत पांढरं दिसलं, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मोठ्या आवाजाला दचकत नसेल तर कान.

"मोठं होऊ दे, मग बघू," असं घरातली वडीलधारी माणसं मायेनेच म्हणतात. पण वळलेला पाय चालायला लागल्यावर आणखी वाकतो, आणि ऐकू न येणाऱ्या मुलाची बोली शिकण्याची वर्षं निघून जातात. सासूबाईंना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्याही पटकन तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

बाळ एक वर्षाच्या आतलं असेल आणि तातडीने आजारी असेल, तर आधी सरकारी रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण, सगळं मोफत आहे. १०२वर फोन करून गाडी मागवता येते. जिल्हा रुग्णालयात, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तिथे, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असतो. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि पालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क लागू शकतं.

रुग्णालयात पाऊल टाकल्यावर

निघण्याआधी एक फोन करा. योजनेचे क्रमांक १५५३८८ आणि १८००२३३२२००, दोन्ही मोफत. असा प्रश्न विचारा: "अमुक आजाराच्या लहान मुलाचं ऑपरेशन आमच्या जिल्ह्यात योजनेतून कुठे होतं?" नुसतं "ते रुग्णालय योजनेत आहे का" असं विचारू नका. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं पण लहान मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी नसतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खाजगीत योजनेतून होतच नाहीत. हे तिथे पोहोचून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

पोहोचल्यावर केसपेपर काढा आणि लगेच आरोग्यमित्राचं टेबल शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ते असावं लागतं, बहुतेक दरवाज्याजवळ किंवा नोंदणी काउंटरच्या बाजूला. दिसलं नाही तर रखवालदाराला विचारा. "जीवनदायीचं टेबल कुठे?" असं विचारलं तरी तो दाखवतो.

आरोग्यमित्र हा रुग्णालयाचा माणूस नाही. तो योजनेच्या वतीने तुमच्यासाठी तिथे बसलेला आहे. त्याच्याशी मोकळेपणाने, सगळं खरं सांगून बोला. आधी कुठे दाखवलं, काय तपासण्या झाल्या, कागदात कुठे नाव चुकलंय, सगळं. चुकीची माहिती दिली आणि नंतर जुळली नाही तर मंजुरी अडते.

तो कागद बघून नोंदणी करतो. नोंदणी आधी, तपासण्या नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. नोंदणीआधी बाहेरून केलेल्या टू-डी इको, सीटी स्कॅन, एमआरआय यांचे पैसे मागून मिळवणं अवघड जातं. डॉक्टर म्हणाले, "बाहेरून हे करून आणा," तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, आमची योजनेत नोंदणी झाली आहे. हे त्यातून होईल ना?" एवढ्या एका वाक्याने मी लोकांचे हजारो रुपये वाचलेले पाहिले आहेत.

निदान पक्कं झालं की रुग्णालय पूर्वपरवानगीसाठी ऑनलाइन प्रस्ताव पाठवतं. तिथले लोक त्याला "प्रीऑथ" म्हणतात. साधारण चोवीस तासांत उत्तर येतं, कागद अपुरे असतील तर त्रुटी निघते आणि वेळ जातो. दिवसातून दोनदा आरोग्यमित्राला विचारा, "आमचं प्रीऑथ मंजूर झालं का? त्रुटी काय आहे?" त्रुटी म्हणजे नकार नव्हे. बहुतेकदा एखादा अहवाल किंवा फोटो लागतो. मुलाचा कॉटवरचा फोटो ते काढतात, त्यालाही घाबरू नका.

तातडीची वेळ असेल, म्हणजे मूल भाजलंय, बेशुद्ध आहे, श्वास लागलाय, तर मंजुरीची वाट बघत बसायचं नसतं. फोनवरून तातडीची परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. किती दिवसांत द्यायचे ते आरोग्यमित्राकडून कागदावर लिहून घ्या, आणि घरी राहिलेल्या माणसाला त्याच दिवशी कागदांच्या मागे लावा. अशा वेळी १०८ची गाडी बोलावली तर चालकाला सांगा की योजनेतल्या रुग्णालयात न्या.

मंजुरी आली की पुढचं सगळं पॅकेजमध्ये: जनरल वॉर्डातली कॉट, डॉक्टर, भूल, ऑपरेशन, तपासण्या, औषधं, रक्त, पेशंटचं जेवण. वेगळी खोली हवी म्हणालात तर योजनेबाहेर जाल, म्हणून तो मोह नको. आईला बाळाजवळ राहायला मिळतं, पण तिच्या जेवणाची सोय तुमची तुम्ही करायची. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास मोफत किंवा अगदी कमी पैशांत जेवण देणाऱ्या संस्था असतात. वॉर्डातल्या मावशींना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

पैसे मागितले तर

योजनेतला उपचार पूर्ण कॅशलेस आहे. डिपॉझिट नाही, "वरचा फरक" नाही, "इम्प्लांटचे वेगळे" नाहीत. तरी कोणी मागितले तर भांडू नका; मूल त्यांच्या हातात आहे, आईबापाचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे मला कळतं. शांतपणे म्हणा, "देतो, पण पावती द्या." पुष्कळदा तिथेच विषय संपतो. पावती दिली तर ती जपा, बाहेरून आणलेल्या औषधांची बिलंही जपा. मग आरोग्यमित्राला सांगा. त्याने काही केलं नाही तर वरचे क्रमांक फिरवून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. प्रत्येक जिल्ह्यात योजनेचे जिल्हा समन्वयक असतात, त्यांना लेखी द्या. आमचे वीस हजार परत मिळाले ते त्या पावतीमुळे. पावती नसती तर मिळाले नसते.

योजनेत काय बसत नाही

ताप, खोकला, जुलाब, ओपीडीतली तपासणी, लसीकरण हे या योजनेत नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पालिकेच्या दवाखान्यात मोफत होतं. भरती व्हावं लागेल असे, यादीतले ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियाच योजनेत येतात. जुलै २०२४च्या वेळी ही यादी १,३५६ उपचारांची होती, आणि ती पुढे वाढवण्याचे निर्णयही झाले. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणाला "बसत नाही" सांगितलं असेल तर तेच उत्तर धरून बसू नका, आज पुन्हा विचारा.

खरंच बसत नसेल, किंवा पाच लाख संपत आले असतील, तर आणखी दारं आहेत. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. शहरातली पुष्कळ नावाजलेली, काचेची दारं असलेली रुग्णालयं धर्मादाय आहेत. दारात बिचकू नका. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा, "निर्धन रुग्ण योजनेतली खाट आहे का?" सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. म्हणून मूल आजारी असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. तो मिळायला दिवस जातात.

त्यानंतर मुख्यमंत्री सहायता निधी. बाकीच्या योजनांत बसत नाही असं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. लहान बाळासाठी अर्ज करताना आईचं आधार जोडावं लागतं. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखलाही लागतो.

ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्रासाठी, केंद्र सरकारची वेगळी मदत आहे. तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून चालतं. वयाची मर्यादा कडक आहे, तेव्हा दिवस घालवू नका. कर्करोग निघाला आणि परळला टाटामध्ये जायची वेळ आली, तर पहिल्याच भेटीत तिथल्या समाजसेवा विभागात जा. मुंबईत राहायचं कुठे हा प्रश्न उपचारांइतकाच मोठा असतो, आणि कितीतरी कुटुंबं त्यासाठीच उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततात. मुलासह कुटुंबाला उपचार चालू असेपर्यंत मोफत राहू देणाऱ्या सेंट ज्यूडसारख्या संस्था आहेत. तिथे रुग्णालयाच्या चिठ्ठीनेच जागा मिळते.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. तुम्ही मात्र करू नका. डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आरोग्यमित्राकडून वाचून घ्या. त्यावर ऑपरेशनचं नाव, दिलेली औषधं आणि पुढच्या तपासणीची तारीख हवी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्येच असतात. टाके काढायला गेलात आणि पैसे मागितले, तर हे सांगा. काही मोठ्या आजारांमध्ये त्यानंतरचे पाठपुराव्याचे उपचारही योजनेत आहेत. तुमच्या मुलाचा आजार त्यात आहे का ते त्याच दिवशी विचारून घ्या. अहवाल, फिल्मा, डिस्चार्ज कार्ड सगळं त्या कागदांच्या पिशवीत. गावी पोहोचल्यावर आशाताई आणि अंगणवाडीताईंना कार्ड दाखवा, म्हणजे बाळाच्या वजनावर आणि औषधांवर त्यांचंही लक्ष राहतं.

आणि रुग्णालयातून घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही पॅकेजमध्ये धरलेलं असतं. पुष्कळ लोक ते मागतच नाहीत. निघताना आरोग्यमित्राला विचारा आणि घ्या.